पाणी सोडण्यास हरकत नाही

जनित्रं थांबून नऊ दिवस झाले होते, तरी दारवाल्यांच्या घरातली माणसं अजून ओरडूनच बोलत होती.

तीन पिढ्यांची सवय ती. धरणाच्या पोटाला चिकटून घर, आणि भिंतीपलीकडे यंत्रांची अखंड घरघर. पाळण्यातल्या पोराला तीच अंगाई, म्हाताऱ्याला तीच सोबत. त्या घरात कुणी कुजबुजायला शिकलंच नाही. "आपल्यात गुपित राहत नाही," आत्या म्हणायची. "सांगायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडलं की सात घरं ऐकतात." आता घरघर गेली होती आणि आवाज तेवढे मागे राहिले होते. वहिनीनं नुसतं "चहा घेणार का कुणी?" विचारलं तरी खिडकीतलं पाखरू उडून जात होतं.

चहाला कुणी हो म्हटलं नाही. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्याच्याभोवती सगळे बसले होते.

"वाच," थोरला म्हणाला. "मोठ्यानं वाच. तू शिकलेली."

धाकटी नुकतीच आली होती. चिखलानं भरलेले बूट दारातच उतरवलेले, एक मोजा फाटका. नदी मोजणं हा तिचा धंदा. कुठे किती खोल, किती वेग, किती गाळ. धरण पाडावं असं सांगणाऱ्या अहवालावर तिचीच सही होती. ती सही उमटली त्या दिवसापासून, म्हणजे दोन वर्षं, भाऊ तिच्याशी बोलला नव्हता. आज बोलला तो हा असा.

"'दारवाल्यांनी धरणावर पाणी सोडले,'" तिनं वाचलं.

"पुढे."

"'तीन पिढ्या दरवाजे राखणाऱ्या घराण्याची धरण पाडण्यास लेखी संमती.'" तिनं मान वर केली. डोळे भरून आलेले. "नाना, मला वाटलं नव्हतं हो तुम्ही असं..."

"मलाही वाटलं नव्हतं," दोघांचे वडील, नाना, म्हणाले.

झालं होतं ते असं. धरण ठेवायचं की पाडायचं, हे ठरवायला आयोग बसला होता. पाहणीसाठी जलाशय उतरवायचा ठरला, आणि तो उतरवायला तळदार उघडणं भाग होतं. तळदार म्हणजे धरणाच्या अगदी बुडातला दरवाजा. बासष्ट वर्षांपूर्वी तो खाली टाकला तेव्हा पाणी चढलं, आणि त्यानंतर तो कधी उघडलाच नव्हता. उघडावा की नाही, यावर आयोगानं नानांचा लेखी अभिप्राय मागितला. नानांनी चष्मा पुसला आणि अडतीस वर्षं रोज पाळीच्या वहीत जी ओळ लिहिली तीच लिहून दिली: 'पाणी सोडण्यास हरकत नाही.' दातेरी चाकांना तेल आहे, खालच्या पात्रात माणूस नाही, भोंगा वाजवला आहे, एवढाच त्या ओळीचा अर्थ. त्या घरात 'पाणी सोडणं' याला दुसरा अर्थ कुणी कधी लावलाच नव्हता. बाहेरच्या जगात मात्र माणूस ज्याच्यावर पाणी सोडतो त्याचा नाद सोडतो, हक्क सोडतो. आयोगातले लोक बाहेरच्या जगातले होते.

"सचिवबाई बारा वाजता येणार आहेत," थोरला म्हणाला. "एका ओळीत खुलासा पाहिजे त्यांना. संमती होती की नव्हती. नाना, सरळ लिहा, अर्थाचा अनर्थ झाला. पाहणी संपलीच आहे. मी कळ दाबतो, तळदार खाली येतं, विषय मिटला."

"आणि लिहिलं नाही तर?" आत्यानं कोपऱ्यातल्या खुर्चीतून विचारलं.

"तर निकाल लागेपर्यंत दार उघडं राहणार. आणि एकदा इतके दिवस उघडं राहिलं की परत कोण बंद करतंय? बारा वाजता काय ते आहे."

"बंद केलंस की पाणी परत चढेल, दादा," धाकटी म्हणाली.

"चढेल की. पाण्याचं कामच ते."

"पाण्याचं काम उतरायचं असतं."

"हे बघ, अहवाल घरी वाचायचा नाही!" थोरल्यानं टेबलावर हात आपटला. पेले खणखणले. "तुला काय वाटतं, मला नोकरीची पडली आहे? घराची पडली आहे? बदली मिळेल, घर मिळेल. तीन जनित्रांतलं एकच चालतं, तेही दम लागल्यासारखं, हे मला तुझ्याकडून कळायला नको. पण मला एक सांग. आजोबांनी हे दार टाकलं. नानांनी अडतीस वर्षं त्याला तेल दिलं. मी नऊ वर्षं देतोय. ते सगळं काय होतं? चूक? तीन पिढ्या आपण एका चुकीची राखण केली, असं लिहून द्यायचं?"

धाकटीच्या अहवालात गाळाचा आकडा होता, माशांचा होता, भिंतीतल्या भेगांचाही होता. या प्रश्नाचा नव्हता.

तेवढ्यात वहिनी म्हणाली, "मी पाहून आले तिला."

थोरल्यानं वळून पाहिलं. आयुष्यभर आपल्या बाजूला बसलेली बायको आज टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली आहे, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"कुणाला?"

"हाकारीला. धबधबा उघडा पडलाय आता. चौथ्या दिवशी. दवाखान्यातून येताना वाट वाकडी करून गेले."

"मला बोलली नाहीस."

"ओरडावं लागलं असतं," वहिनी म्हणाली.

आत्याला हसू आलं, मग खोकला आला. खोकला सरल्यावर तिनं काठी जमिनीवर टेकली. "बारा वाजता बंद व्हायचं असेल तर मला आत्ता न्या. आणखी बासष्ट वर्षं थांबायला मला सवड नाही."

"आत्या, अहो, दोनशे पायऱ्या आहेत. खाली चिखल. तुमचे गुडघे—" वहिनी म्हणाली.

"गुडघे कुणाला बघायला न्यायचेत? डोळे न्यायचेत. गुडघे लागले तर मागून येतील."

मग प्रश्न उरला तो नेणार कोण. नानांचं वय चौऱ्याहत्तर. धाकटी अंगानं काडी. सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. नऊ दिवस तो दाराच्या खोलीत जलाशयाकडे पाठ करून बसला होता. जेवायला येताना-जातानासुद्धा मान खाली घालून आला-गेला होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोललं नव्हतं.

"बसा पाठीवर," तो म्हणाला. "पण साडेअकराला परत."

*

नाना सगळ्यांच्या मागे उतरत होते.

दीडशे पायऱ्यांपर्यंत त्यांना सगळं ओळखीचं होतं. पातळीची पट्टी, तिच्यावर त्यांनीच रंगवलेले आकडे. पट्टी संपली आणि पायऱ्या मात्र पुढे चालल्याच होत्या. नाना थबकले. या पायऱ्यांवरून ते लहानपणी धावत उतरले होते. बारा वर्षांचे होते. नंतरचं सगळं आयुष्य त्यांनी याच पायऱ्यांच्या वर काढलं, आणि खाली पायऱ्या आहेत हे एकदाही मनात आलं नाही. पाण्यावरून नाव वल्हवताना खाली कुणाचा तरी उंबरठा आहे हे कुठे आठवतं?

गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. प्रत्येक ढेकूळ ताटाएवढं. मधूनच काळे बुंधे उभे होते. बासष्ट वर्षं पाण्यात राहून ते कुजले नव्हते. दगडासारखे टणक झाले होते. एका बुंध्यात नाव बांधायची लोखंडी कडी अजून होती. नानांनी ती हातात धरून पाहिली. गंजाची पावडर बोटाला लागली आणि कडी हलली.

"बाळ्या, मागे काय करतोस?" पुढून आत्याची हाक आली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

"आलो, आक्का."

आणि मग त्यांना ऐकू आलं.

आधी वाटलं, यंत्रं सुरू झाली. छातीत तीच थरथर. पण यंत्रांची घरघर एका सुरात असते. ही खाली-वर होत होती, दम घेत होती. पुढच्या वळणावर धाकटी उभी राहिली होती. नदी मोजणारी पोर, गळ्यात मोजमापाचं यंत्र, हात खाली लोंबकळत होते. तिनं काही मोजलं नाही.

दोन काळ्या कड्यांच्या मधून हाकारी कोसळत होती.

तीस हात उंचीवरून, अख्खी नदी, एका दमात. वर काचेसारखी हिरवी, मध्ये दुधासारखी, खाली नुसता धूर. धुरात सकाळचं ऊन अडकलं होतं. कड्यावर तिनं पूर्वी घासून गुळगुळीत केलेली पन्हळ होती. बासष्ट वर्षं त्यावर गाळ बसला, आणि पहिल्या तासाभरात तिनं तो धुऊन काढून आपली जुनी वाट धरली होती. दुसरीकडून जाऊन पाहिलं नव्हतं, चाचपडली नव्हती. परगावाहून आलेली लेक जशी कुणाला न विचारता थेट माजघरात जाते, तशी.

नानांनी टोपी काढली. का काढली ते त्यांना कळलं नाही.

"एवढीच होती ती?" त्यांनी विचारलं. "मला वाटायचं लहानपणी मोठी वाटली असेल. पण ही तर..."

"मोठीच होती रे," आत्या म्हणाली. "आपण लहान झालो."

*

थोरल्यानं आत्याला एका सपाट दगडावर उतरवलं. तुषारांनी त्याचा सदरा भिजला होता. त्याला पाठ करून उभं राहायचं होतं, पण पाठ केली तरी आवाज पाठीतून आत येत होता. दगडातून पायात चढत होता. तो वळला, आणि मग त्याला नजर काढता येईना.

त्यानं आयुष्यभर पाणी पाहिलं होतं. साठलेलं, मोजलेलं, वहीत चढवलेलं. सोडलेलं पाणीही पाहिलं होतं. पण ते त्यानं सोडलेलं, त्याच्या हातातल्या कळीनं. हे कुणी सोडलं नव्हतं. हे आपलं आपण चाललं होतं, त्याच्या आधी, त्याच्या आजोबांच्या आधी, आणि त्याला एवढ्या जवळ उभं राहू देत होतं.

आत्या गुणगुणत होती. तिच्या आईची ओवी. घरात सगळ्यांनी ऐकलेली, पाळण्यापाशी म्हणायची. हाकारी कोण, हे मात्र पाळण्यातल्यांपैकी कुणी पाहिलं नव्हतं.

हाकारी मारी हाक, दोन कड्यांच्या दारात
ओ द्यायला गं बाई, माझं लेकरू घरात

"अकरा दिवस लागले हिला बुडायला," आत्या म्हणाली. ती ओरडत नव्हती, पण तिचं बोलणं नेमकं हाकारीच्या दमा-दमाच्या मधल्या जागेत बसत होतं. लहानपणीची सवय असावी. "सतरा वर्षांची होते मी. आबांनी तळदार टाकलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या खोट्या नव्हत्या हं. महिनाभरात दिवे लागले. तू जन्मलास तो दवाखान्यातल्या त्याच दिव्याखाली, पायाळू, आडवा-तिडवा. दिवा नसता तर तूही नसतास आणि तुझी आईही. त्याला चूक म्हणणाऱ्याच्या थोबाडीत मी देईन."

तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं मान डोलावली.

"पण रोज हिचा आवाज बदलत गेला. आधी जाड झाला. मग बसका. मग घशातल्या घशात. अकराव्या दिवशी सकाळी उठलो तर नाही. आबा जेवले नाहीत. मी वेडी, विचारून बसले, 'आबा, लावलंत का हो दार कायमचं?' तर म्हणाले, 'लावलं नाही गं. कडी कुठे घातली आहे? नुसतं लोटून घेतलंय.'"

थोरला झटकन वळला. "काय म्हणाले?"

"नुसतं लोटून घेतलंय. मला वाटलं, मुलीची समजूत घालतायत."

थोरला खाली बसला. तिथेच, ओल्या दगडावर.

"खिट्टी," तो म्हणाला.

"काय?"

"तळदाराची खिट्टी, आत्या. मनगटाएवढी, पोलादाची. पाणी चढलं की ती दाराच्या डोळ्यात ठोकायची आणि वर वेल्डिंग करून टाकायचं, असं नकाशावर लिहिलंय. म्हणजे दार पुन्हा उघडायचं नावच नाही. नऊ दिवसांपूर्वी मी वेल्डिंग कापायचं सामान घेऊन खाली उतरलो, तर डोळा मोकळा. खिट्टी बाजूच्या खिळ्याला टांगलेली, तेलाच्या फडक्यात गुंडाळून. बासष्ट वर्षं नुसत्या आपल्या वजनावर उभं होतं ते दार." "मला वाटलं, आजोबा विसरले. एवढा मोठा माणूस, एवढं मोठं काम, आणि हे विसरले. कुणाला बोललो नाही मी. त्यांचं नाव जाईल म्हणून."

"फडकं मी बदलायचो," नाना म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"दर वर्षी. आबांनी सांगितलं होतं, खिट्टीला तेल दे, हलवू नको. मी तेल दिलं, हलवली नाही."

"आणि विचारलं नाहीत?" थोरला म्हणाला.

"बापाला कशाला विचारायचं," नाना म्हणाले. मग हातातली टोपी फिरवत, "विचारायला हवं होतं."

वहिनी नवऱ्याशेजारी त्याच ओल्या दगडावर येऊन बसली, साडीची पर्वा न करता. धाकटी दोन पावलं पुढे आली, थांबली. दोन वर्षांत तिनं भावाला सांगायला कितीतरी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही न वापरता ती म्हणाली, "दादा, मोजा भिजला माझा."

"फाटका होताच," तो म्हणाला. आणि तिला बसायला सरकला.

*

सचिवबाई बारा वाजता आल्या तेव्हा दाराच्या खोलीत सगळं घर उभं होतं, आणि सगळ्यांच्या पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता. बाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. कागद नानांपुढे ठेवला.

"फक्त एक ओळ, नाना. नेमकी."

नानांनी कागद उचलला नाही. "मी नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झालो, बाई. माझी ओळ मागितलीत इथेच चुकलं. आमच्यात पाळीवर जो असतो, शब्द त्याचा असतो." त्यांनी लेकाकडे पाहिलं. "मी काही सांगणार नाही. आबांनी मला सांगितलं आणि मी ऐकत बसलो. तू तुझं लिही."

थोरल्यानं भिंतीकडे पाहिलं. खिळा, फडकं, फडक्यात खिट्टी, नऊ दिवसांपूर्वी त्यानंच खालून आणून टांगलेली. त्याखाली कळ, हिरवी आणि लाल. त्याच्या हाताला सवय होती लाल कळीची. डोळे मिटूनही सापडली असती.

तो बसला. लिहायला वेळ लागला, जणू अक्षरं पहिल्यांदा गिरवतोय. मग त्यानं कागद फिरवून बाईंपुढे सरकवला.

बाईंनी वाचलं. चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"'पाणी सोडण्यास हरकत नाही.' अहो, हेच तर मागच्या वेळी लिहिलं होतं. याचे दोन अर्थ होतात म्हणून तर आले मी. यातला कुठला धरायचा?"

"दोन्ही," थोरला म्हणाला.

बाईंनी ते शब्द त्याच्याच तोंडून पुन्हा एकदा वदवून घेतले, लिहून काढले, खाली त्याची सही घेतली. सही वाकडी आली; जन्मात कधी आली नव्हती. मग तो उठून बाहेर, धरणाच्या माथ्यावर गेला.

माथ्यावर वारा होता. एका बाजूला त्याचं घर, तारांचे खांब, खालच्या गावाची छपरं; दुसऱ्या बाजूला उघडी पडलेली दरी आणि तिच्या टोकाला, वळणाआड, पांढरा धूर. पाणी उतरल्यापासून तो आवाज इथपर्यंत येत होता आणि त्यानं कान बंद ठेवले होते. आता ऐकला. हाक, दम, पुन्हा हाक.

यंत्रांवर मात करायला तीन पिढ्यांनी कमावलेला गळा होता त्याचा. दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यानं छाती भरून घेतली.

"ओऽऽऽ!"

ती ओ कड्यांवर आपटली, दरीत फिरली, काळ्या बुंध्यांमधून गेली, आणि कुठेतरी त्या धुरात शिरली. दाराच्या खोलीत खिडकीपाशी आत्या डोळे मिटून बसली होती. तिचे ओठ हलले. नानांना ऐकायला खाली वाकावं लागलं, कारण त्या घरातलं माणूस पहिल्यांदाच कुजबुजत होतं.

"लेकरू घरात आहे गं," ती म्हणत होती.